पहाऱ्याविना पेपर

मार्नी व्होपाट अमेरिकेत आयोवातल्या टेकडीवरच्या त्या छोट्या कॉलेजात थेट तिसऱ्या वर्षाला आली, तेव्हा बाकीच्यांची दोन वर्षं एकत्र खाऊनपिऊन, भांडून आणि प्रेमात पडून झाली होती. वर्ग भरला तरी तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. कुणी वाईट वागत नव्हतं. उलट सगळे इतकं गोड हसायचे की तिला संशय यायचा.

त्याआधी ती सीडर रॅपिड्स शहरात सरकारी कम्युनिटी कॉलेजात शिकली होती. सकाळी वर्ग, संध्याकाळी वाणसामानाच्या मोठ्या दुकानात चीज कापून द्यायचं काम. गुण चांगले पडले म्हणून इथं प्रवेश मिळाला आणि फीही माफ झाली. तिनं नोकरी सोडली, भाड्याची खोली सोडली. आता इथून घालवलं तर परत जायला जागाच नव्हती. आणि आपल्याला घालवणार याची तिला पहिल्या दिवसापासून खात्री होती. कधी आणि कशावरून, एवढंच कळायचं बाकी होतं.

ऑक्टोबरात ग्रीसच्या इतिहासाची परीक्षा आली. सिग्रिडबाईंनी पेपर वाटले, "पुस्तकं उघडायची नाहीत, संध्याकाळपर्यंत आणून द्या," एवढं म्हणाल्या, अंगात कोट चढवला आणि कुत्र्याला फिरवायला निघून गेल्या. पोरंही उठली. कुणी हिरवळीवर आडवं झालं, कुणी सरळ आपल्या अंथरुणात शिरलं. त्या कॉलेजची ती शंभर वर्षांची रीत. पहारा नाही. पेपरच्या शेवटी सही करायची, की मी मदत घेतली नाही, दिली नाही, कुणाला घेताना-देताना पाहिलं नाही. सही खोटी ठरली तर पोरांचीच पंचायत बसते. आदल्या वर्षी त्या पंचायतीनं एकाला घरी धाडलं होतं.

मार्नीला ही रीत नवीन होती. जुन्या कॉलेजात परीक्षेच्या खोलीत डोक्यावर कॅमेरा असायचा, दप्तर बाहेर कपाटात ठेवायला लागायचं. तिथं तिला कसं सुरक्षित वाटायचं! हे ऐकून इथली पोरं हसली असती. पण मार्नीची आई हॉटेलात खोल्या साफ करते. खोली झाडताना दार सताड उघडं ठेवायचं, हा तिचा नेम. "कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणणाऱ्यांनी कधी दुसऱ्याची खोली झाडलेली नसते," असं ती म्हणते. कुणाचं घड्याळ हरवलं की आधी कुणाकडे बघतात, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

म्हणून मार्नी पेपर घेऊन जेवणघरात गेली आणि दारापाशी कार्ड तपासणाऱ्या वांडाच्या समोरच्या टेबलावर बसली.

"वांडा, माझ्यावर जरा लक्ष ठेवाल?"

"का गं? पळून जाणारेस?"

"परीक्षा आहे. मी नक्कल केली नाही, हे कुणीतरी बघायला हवं."

वांडानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "पोरी, इथं सव्वीस वर्षं झाली मला. सूप पळवणारे पाहिलेत, खुर्ची पळवणारे पाहिलेत. माझ्यावर लक्ष ठेवा म्हणणारी तू पहिलीच. बस. डोळे वटारूनच बसते."

दोन प्रश्न झकास झाले. तिसरा होता, स्पार्टाचं सैन्य घरापासून लांब जायला का कचरायचं. मार्नी पेन चावत विचार करत होती, एवढ्यात समोर ताट आदळलं. ग्रिफिन लॉरिंग. वर्गात सगळ्यात मोठ्यानं बोलणारा, आणि ज्याच्या पणजोबांचं नाव वसतिगृहाच्या दारावर कोरलंय तो.

"संपवला एकदाचा! तिसरा कसला सोपा होता, नाही? गुलामांच्या बंडाची भीती. सैन्य बाहेर गेलं की मागं गुलाम उठतील. दोन पानं लिहिली मी."

मार्नीनं पेन खाली ठेवलं. "माझा व्हायचाय अजून."

ग्रिफिनचा चेहरा क्षणभर पडला, मग तो हसला. "अरेच्चा! बरं, विसर. कुणी ऐकलंय का? नाही ना. मग झालं तर." बर्गर उचलून तो मित्रांच्या टेबलावर गेलासुद्धा.

वांडानं तिकडून अंगठा वर करून दाखवला. डोळे तिनं खरंच वटारले होते, कानांचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मार्नी त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली. तिला आपणहून हेच सुचलं असतं का? कदाचित. पण आता सुचलं तरी ते तिचं राहिलं नव्हतं. लिहिलं तर चोरी. बोललं तर ग्रिफिन नाही म्हणणार, आणि मग कालपरवा आलेल्या, फीमाफीवर शिकणाऱ्या पोरीचं खरं मानायचं की दारावर कोरलेल्या नावाचं? चोर सोडून संन्याशाला फाशी, हे काय फक्त म्हणण्यापुरतं असतं? तिनं तिसरा प्रश्न कोरा सोडला. सहीही केली नाही. पेपर बाईंच्या दाराखालून आत सरकवला आणि जवळजवळ पळतच खोलीवर आली.

दुसऱ्या दिवशी सिग्रिडबाईंनी तिला जिन्यात गाठलं. "वर्ग संपला की भेटून जा."

जुन्या कॉलेजात 'भेटून जा' म्हणजे नाव कमी झालं, असंच समजायचं. वर्गात काय शिकवलं ते मार्नीच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. मनातल्या मनात ती बॅग भरत होती, आईला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होती.

बाईंच्या खोलीत शिरताच तिनं धडाधड बोलायला सुरुवात केली. "मी नक्कल केलेली नाही. मी जेवणघरात बसले होते, सगळ्यांसमोर. वांडाला विचारा. मी मुद्दाम तिला लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

"वांडाला कशाला विचारू?" बाई म्हणाल्या. "तुला विचारतेय. तिसरा प्रश्न कोरा का?"

"एकानं मला उत्तर सांगितलं. मी विचारलं नव्हतं. पण ऐकलं. मग लिहिता येईना."

बाईंनी मान हलवली. "ठीक आहे. त्याऐवजी दुसरा प्रश्न देते."

मार्नीला खरं वाटेना. "एवढंच? चौकशी नाही करणार?"

"तू सांगितलंस की."

हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण ती आणखीच घाबरली. पुराव्याशिवाय तिचं आजवर कुणी काही खरं मानलं नव्हतं, आणि अशा विश्वासाखाली कसं उभं राहायचं हे तिला येत नव्हतं.

"नाव मी विचारत नाही," बाई पुढं म्हणाल्या. "नियम तुला ठाऊक आहे. आधी त्याला सांगायचं, आपणहून कबूल कर. नाही केलं, तर पंचायतीपुढं नाव तू घ्यायचं."

"आणि मी गप्प बसले तर?"

"तर मला कळणारही नाही."

वसतिगृहापर्यंतचा रस्ता लहानसाच होता, तरी मार्नी दोनदा मागं वळली. गप्प बसली असती तर सगळंच सुखात निभावलं असतं. पण मग पेपरखाली सही कशी करायची? तिनं ग्रिफिनचं दार ठोठावलं.

"जेवणघरातलं," ती म्हणाली. "तू बाईंना जाऊन सांग. नाहीतर मला सांगावं लागेल."

ग्रिफिनला आधी थट्टाच वाटली. मग त्याचा आवाज चढला. "वेडी आहेस का? परवा आलीस तू इथं! माझा शब्द एकीकडे, तुझा एकीकडे. कोण ठेवणार तुझ्यावर विश्वास?"

मार्नी दारातून हलली नाही. तिनं चौकट घट्ट धरली.

"ठेवला," ती म्हणाली. "आत्ता बाईंकडूनच येतेय."