समुद्राखालचं तेल आणि भीमेकाठचं रान

दौंडच्या फलाटावर पुण्याची डेमू लोकल लागली, तेव्हा आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अंगावर अजून कंपनीचाच शर्ट होता. कुरकुंभच्या केमिकल कंपनीतली पाळी संपवून ते घरी न जाता थेट स्टेशनवर आले होते. नाना, म्हणजे माझे चुलते, बॅगा उचलायला म्हणून आले होते. पण खरं तर मला अडवायचा शेवटचा प्रयत्न करायला.

"दादा, आजून येळ गेली न्हाई," ते आबांना म्हणाले. "पोरीच्या जातीनं समुद्रात जाऊन त्याल काढायचं म्हंजी काय? लोकं काय म्हंतील?"

"लोकांना सांग, इंजिनेर हाय ती," आबा म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "रडायचं आसंल तर आत्ता रडून घे. तिकडं कामावर न्हाई रडायचं."

मी रडले नाही. गाडी सुटल्यावरही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गाव सोडलेल्या माणसानं पहिल्याच पानावर डोळे पुसावेत अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मला जायचं होतं. पुण्यात पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकताना मला कळलं होतं की समुद्राच्या तळाखाली तेलाचं तळं वगैरे नसतं. तेल असतं खडकाच्या बारीक बारीक छिद्रांत, आणि ते बाहेर काढायला डोकं लागतं. ते डोकं माझ्याकडं आहे, एवढी मला खात्री होती.

स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला आले. शहर करड्या दगडाचं, वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. इथं पुढचं शिकले, इथंच नोकरी लागली. ऑफिसात बसून समुद्राखालच्या खडकाचा हिशोब मांडायचा आणि अधूनमधून हेलिकॉप्टरनं समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जायचं, असं माझं काम. माझ्या वाट्याला आलेलं तेलक्षेत्र म्हातारं होतं. तेलाबरोबर येणारं पाणीच इतकं वाढलेलं, की माझे साहेब, अॅलन, पहिल्याच बैठकीत म्हणाले, "हे संपलंय. बंद करायच्या तयारीला लाग."

मला ते पटलं नाही. खडकातला दाब टिकावा आणि तेल विहिरीकडं ढकललं जावं, म्हणून कडेच्या विहिरींतून समुद्राचं पाणी आत सोडतात. आमच्याकडं ते पाणी खालच्या एका भुसभुशीत थरातून सरळ पळत होतं आणि बाहेर पडत होतं. वरच्या घट्ट थरांत तेल तसंच अडकून होतं. तो खालचा थर बंद करा, पाणी वर वळवा, असं मी मांडलं. अॅलन म्हणाले, "दाब पडला, आहे तेवढंही तेल गेलं, तर?"

त्या रविवारी आईला फोनवर हे सगळं सांगितलं. आईनं जन्मभर भीमेकाठच्या आमच्या रानात कांद्याला पाणी दिलंय. ती म्हणाली, "म्हंजी एकाच वाफ्यात पाणी चाललंय आन् बाकीचे कोरडे. मग दारं मोड की, पाणी दुसऱ्या वाफ्यात वळव!"

"साहेब नको म्हणतात."

मागून आबांचा आवाज आला, "तुला काय वाटतं ते बोल. साहेबाचं मला न्हाई सांगायचं."

मला जे वाटत होतं ते मी पुढच्या बैठकीत बोलले आणि लेखी प्रस्तावाखाली माझं नाव घातलं. चुकलं तर मीच चुकले, असं सगळ्यांसमोर सांगितलं. अॅलननी एका विहिरीपुरती परवानगी दिली.

आम्ही खालचा थर बुजवला. आणि तेल घटलं. एक आठवडा, दुसरा आठवडा, आकडे खालीच. कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी बसायचं लोक टाळू लागले. थर पुन्हा उघडूया, असा निरोप आला. मी नाही म्हणाले. घट्ट खडकातून पाणी हळूच सरकणार, त्याला वेळ द्या, हेच मी रोज वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिले. आवाज हलू दिला नाही.

मग तेलाबरोबर येणारं पाणी कमी झालं. तेल आधी सावरलं आणि नंतर पूर्वीपेक्षा वर गेलं. अॅलननी बाकीच्या विहिरींचं कामही माझ्याकडं दिलं आणि बंद करायची योजना पुढं ढकलली गेली. ते क्षेत्र कधीतरी बंद होणारच आहे, मला माहीत आहे. पण कुणीतरी कंटाळलं म्हणून नाही.

आबा गेले तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर होते. धुक्यानं हेलिकॉप्टर उडेना. पोचले तेव्हा राख सावडून झाली होती. "बापाचं तोंडबी बघायला घावलं न्हाई हिला," नाना चारचौघांत म्हणाले. ते खरं होतं. दुखलं, अजूनही दुखतं. पण मी गेले ही चूक होती, असं मी तेव्हाही म्हणाले नाही आणि आजही म्हणत नाही. शिक्रापूरच्या कारखान्यांत कामाला येऊन खोल्यांतून राहणाऱ्या बिहारच्या पोरांच्या घरीही माणसं मरतात. ती पोरंही वेळेवर पोचत नाहीत. त्यांना कुणी बेइमान म्हणू नये, आणि मलाही.

तुम्ही मागं राहिलेले विचारता, परत कधी येणार? माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, आता तिथं उरलंय काय? दोघांनाही या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगते.

मी घरी गेले होते. नानांनी ओसरीवर आई, माझा धाकटा भाऊ दत्ता आणि मला बसवलं. रानाच्या सातबाऱ्यावर आबांच्या जागी आमची तिघांची नावं लागली होती. नानांनी माझ्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र तयार करून आणलं होतं. माझ्या हातात पेन देऊन म्हणाले, "सही कर. भावाला मोकळं कर."

मी दत्ताकडं बघितलं. "तुला पाहिजे का माझी सही?"

"मी न्हाई मागितली, ताई," तो म्हणाला. "रान मी कसतोय, तेवढं बास हाय मला."

"मग सही नाही," मी पेन खाली ठेवलं.

नाना उखडले. "तू हितं राहणार हायेस का?"

"न्हाई."

"शेती करणार हायेस?"

"न्हाई."

"मग नाव कशाला पायजे?"

मी नानांच्या डोळ्यांत बघून, त्यांच्याच बोलीत म्हणाले, "नाना, माझं घर हाय म्हणून. राहणार न्हाई, आन् सोडणारबी न्हाई."