पालखीपुरती कंबर

माझ्या दवाखान्यात शिरले की ते आधी वहाणा काढत, मग गुडघे ताठ ठेवून वाकत आणि बोटं नडगीवर कुठवर पोचतात ते दाखवत. "बगा डाक्टरीणबाय, मागल्या खेपेपरास वाईच खाली!"

कंबरेतली चकती सरकलेल्या माणसाने नेमकं हेच करायचं नसतं. मी ओरडले की ते जीभ चावत, आणि पुढच्या खेपेला दारातच पुन्हा वाकत. असं एखादं हट्टी माणूस तुमच्याही ओळखीचं असेल.

लांज्याच्या पलीकडच्या गावातून ते एसटीने येत. उंच, रापलेले, पन्नाशीचे. ऐंशीच्या दशकात आमच्या रत्नागिरीत फिजिओथेरपी म्हणजे मालिश अशीच समजूत होती. पहिल्या दिवशी ते घरून खोबरेलाची बाटली घेऊन आले. तेल भाजीला ठेवा म्हटलं. मांडीमागचे स्नायू इतके आखडलेत की वाकताना सगळा ताण कंबरेवर येतो, ते आधी सैल करू. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मला काय जलमभराची नको. पालखीपुरती कंबर द्या."

शिमग्यात त्यांच्या गावात ग्रामदेवीची पालखी घरोघर येते, खांदेकरी ती अंगणात नाचवतात. हे तरुणपणापासूनचे खांदेकरी. कंबर गेल्यापासून मात्र स्वतःच्याच अंगणात बाजूला उभे. त्यांच्यापेक्षा ते त्यांच्या बायकोला लागलं होतं.

"देवी आमच्या दारात यायची ती ह्यांच्या खांद्यावर," ती मला म्हणाली. "मी उंबऱ्यात ओटी घेऊन उभी ऱ्हायचे. आता ओटी भरते, पन डोळं ह्यांच्याकडंच जातात."

व्यायाम मी तिलाच शिकवला. त्यांनी उताणं पडायचं, तळपायाला पंचा अडकवून पाय सरळ वर ओढायचा, तिने गुडघा दाबून धरायचा. त्यांना गुडघा वाकवून पाय उंच दाखवायची खोड होती. "लबाडी नको!" म्हणत ती असा हात दाबायची की ते कळवळून माझ्याकडे बघत. मी तिच्याच बाजूची.

एकदा मात्र ते कमरेत पार वाकडे होऊन आले. एसटीत बसताही आलं नव्हतं. खांद्याची सवय मोडू नये म्हणून वाशाला जातं बांधून, दुसऱ्या टोकाला भावाला घेऊन, परसात नाचले होते. मला हसावं की रडावं कळेना. "देवी जात्यापरास हलकी हाय वो," ते कण्हत म्हणाले. बायको तिथेच बाकावर बसून त्यांच्यावर तोंड टाकत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हळूहळू पाय वर जाऊ लागला, पोटरीतली कळ थांबली. शिमगा जवळ आला तेव्हा मी परवानगी दिली: एकच फेर, तोही आपल्याच अंगणात. ते लहान मुलासारखे हसले. तिने ओल्या काजूगरांची पुडी माझ्या हातात कोंबली.

शिमग्याच्या तोंडावर ती गेली. सकाळी चूल पेटवताना कोसळली, ती उठलीच नाही.

घराला सुतक. सुतकातल्या माणसाने पालखीला शिवायचं नाही, पालखीनेही त्या अंगणात यायचं नाही. ढोल वाजत वाजत घरावरून पुढे गेले. ते दार लोटून आत बसले होते.

सुतक फिटल्यावर ते एकदा आले. दारात वाकले नाहीत. मुकाट्याने उताणे झाले, पंचा अडकवला आणि पाय सरळ वर नेला. इतका वर तो कधीच गेला नव्हता. गुडघा जराही वाकला नाही.

"आता दाबायला कोन नाय," ते छताकडे बघत म्हणाले, "तरी वाकत नाय बगा."

मी पडद्यामागे गेले आणि रडले. त्यानंतर ते आले नाहीत.

पुढच्या शिमग्यानंतर त्यांचा भाऊ पाठ धरली म्हणून माझ्याकडे आला. मी आधी यांचीच चौकशी केली.

"पालखी आली ना घरी. सगळ्यांनी त्याला खांदा देवू केलानी, त्यानं घेतलान नाय. ओटी घेऊन उंबऱ्यात उभा ऱ्हायला, वैनी ऱ्हायची तितंच."

"कंबर दुखत होती का?"

"छे वो," भाऊ म्हणाला. "कंबर एकदम बरी हाय त्याची."