वाटेवरची शेवटची रास

उद्यानाच्या कचेरीत त्याला सगळे राशीवाला म्हणायचे. पगाराच्या कागदावर खरं नाव असेल, पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर त्याने मागे वळूनही पाहिलं नसतं. काम एकच. डोंगरावरच्या वाटांवर दगडांच्या राशी रचायच्या आणि रचलेल्या राखायच्या. वर झाड नाही, झुडूप नाही, नजर जाईल तिथवर गवताचा माळ. आणि धुकं उतरलं की स्वतःचे पायसुद्धा दिसेनासे होतात. अशा वेळी शहाणा माणूस एका राशीपाशी उभा राहतो, पुढची दिसेपर्यंत जागचा हलत नाही, दिसली की तिथवर जातो आणि पुन्हा थांबतो. हिवाळ्यात बर्फ राशी ढकलायचा, उन्हाळ्यात पर्यटक त्यांच्यावर बसून फोटो काढायचे. राशीवाला दोघांनाही सारख्याच शिव्या घालत त्या पुन्हा उभ्या करायचा. खाली रुंद दगड, मध्ये भर, वर एक चपटा, तोही पुढच्या राशीच्या दिशेने जरासा कललेला. ही तऱ्हा त्याने बापाकडून उचलली होती. बाप उद्यानाचा नोकर नव्हता. तेव्हा वर उद्यानच नव्हतं, गाव होतं.

गावकऱ्यांनी आपला डोंगर देशाला दिला, असं पर्यटकांना सांगतात. ‘दिला’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. खाली ट्रक उभे होते आणि बर्फ पडायच्या आत उतरा असा हुकूम होता, यातलं देणं ज्याचं त्याने शोधावं. राशीवाल्याला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याला मेंढ्या घेऊन दोन दिवस आधीच खाली पिटाळलं होतं. त्याची थोरली बहीण, अक्का, नवऱ्याबरोबर मागून उतरली. तिच्या पाठीला झोळी होती आणि झोळी रिकामी होती. नुकतं पाऊल टाकायला लागलेलं तिचं पोर निघायच्या आधीपासून तापाने फणफणलं होतं. दाजी एवढंच म्हणाले, “वरच ठेवलं त्याला.” पुढे कुणी विचारलं नाही. वर म्हणजे गावाच्या दफनभूमीत, असं राशीवाला आपलं आपण धरून चालला.

उद्यानाच्या फाटकाखाली गावकऱ्यांसाठी एकसारख्या घरांच्या रांगा उठल्या. दाजी गेले, तेव्हापासून अक्का एका घरात आणि राशीवाला भिंतीपलीकडे. जेवायला मात्र तिच्याकडेच. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं की म्हणायचा, “एक बाई रोज ओरडते तेवढी पुरे आहे.” आणि ओरडायची ती खरंच. बुटांना चिखल का, ताटात का टाकलंस, दाढी काय सणावारीच करणार का. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण त्याच्या पानात गरम वाढल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

उन्हाळा सरता सरता, गाव उठलं त्या दिवशी, अक्का दरवर्षी एकटीच वर जायची. फाटकातून तिकीट काढून नाही. वस्तीच्या मागून, जुन्या वाटेने. तो म्हणायचा, येतो मी. ती म्हणायची, “तू काय करणार येऊन? मला बोलायचं असतं जरा त्याच्याशी.” परत आली की दोन दिवस गप्प असायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बुटांवरून सुरू व्हायची.

मग नवे साहेब आले. वाईट असते तर बरं झालं असतं. चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. साहेब भला माणूस होता, चहा आधी दुसऱ्याला द्यायचा. त्याने राशीवाल्याला समोर बसवून समजावलं की गावाची जुनी वाट आता बंद करायची आहे. तिथलं गवत तुडवलं जातंय, पक्ष्यांची घरटी मोडतायत. राशी दिसतात तोवर लोक जाणारच, तेव्हा राशी काढायच्या.

“बापाच्या हातच्या आहेत साहेब,” एवढं राशीवाल्याच्या ओठांवर आलं होतं. निवृत्ती तोंडावर होती. तो म्हणाला, “बरं.”

काम त्याने नेहमीसारखंच चोख केलं. हात लावला की जीव ओतायचा, ही खोडच होती त्याची. राशी उतरवल्या, दगड उतारावर दूरदूर भिरकावले, राशींखालच्या खळग्यांत मातीसकट गवताचे तुकडे बसवले. दफनभूमीपाशी मात्र त्याने टोपी काढली आणि तिथल्या एकाही दगडाला बोट लावलं नाही. भाच्याला आपण धक्का लागू दिला नाही, याचं त्याला समाधान वाटलं. साहेबाने पाठीवर थाप मारली. इथे कधी वाट होती हे सांगूनही पटणार नाही, म्हणाला.

अक्काला सांगायचं रोज ठरायचं आणि रोज जेवण उरकायचं. ती डोळे मिटून वर जाईल, तिला राशी कशाला लागतात, अशी त्याने मनाची समजूत घातली. तो दिवस आला. अक्का पहाटेच निघून गेली आणि दिवेलागण झाल्यावर परतली. गुडघ्यांना चिखल होता, ओठ सुकले होते.

“सापडलं नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“माळच सापडला नाही रे. दिवसभर फिरले. एकही रास दिसली नाही. कुठल्या भलत्याच माळावर गेले, कोण जाणे.”

एक वाक्य बोलला असता तर निभलं असतं. राशी मी काढल्या, अक्का, तू बरोबर जागी गेली होतीस. पण तिचे ते गुडघे पाहून त्याने तिच्यापुढे नुसता पाण्याचा तांब्या ठेवला. पुढच्या वर्षी आपणच हाताला धरून दफनभूमीपाशी नेऊ, असं त्याने मनात म्हटलं.

त्या हिवाळ्यात अक्का बदलली. गॅस बंद केलाय का हे पाहायला ताटावरून उठायची. आज वार कोणता हे त्याला विचारायची, आणि त्याने सांगितला की मान हलवायची, म्हणजे तिला ठाऊक होता, फक्त ताडून पाहायचं होतं. घराची दुसरी किल्ली शेजारणीकडे देऊन ठेवली. ओरडणं थांबलं. चिखलाचे बूट घालून तो मुद्दाम शेगडीपर्यंत गेला, तरी ती काही बोलली नाही, आणि तेव्हा तो स्वतःच बूट काढून बाहेर ठेवून आला.

एकदा भाजी निवडता निवडता तिने विचारलं, “माझं डोकं जातंय का रे? खरं सांग. दुसरं काही विसरले असते तर चाललं असतं. स्वतःच्या पोराची वाट विसरते का कुणी?”

“वय झालं, अक्का,” तो म्हणाला. “होतं असं.”

माणूस एवढं वाईट वागतो तेव्हा तो फार वाईटच असतो असं नाही. कधीकधी तो नुसता भित्रा असतो. पण समोरच्याला लागायचं तेवढं लागतंच.

बर्फ वितळल्यावर फाटकापाशी उद्यानाच्या इतिहासाचं दालन उघडलं. वस्तीतल्या जुन्या लोकांना खास बोलावणं होतं. अक्का नको म्हणत होती, शेजारणीने ओढून नेलं. राशीवाला मागे मागे चालला. आत काचेमागे गावातलं जातं होतं, लाकडी खुरपी होती, कुणाचा तरी फुटका कंदील होता. पर्यटक प्रत्येक वस्तूपुढे थबकत होते. एक बाई कंदिलापाशी खरोखरच डोळे टिपत होती. दालनातली गाईड मुलगी मन लावून सांगत होती. गाव उठवण्याआधी मोजणीवाल्यांनी काढलेले फोटो, उठवल्यानंतर माळाचा काढलेला एक. शेवटचा भिंतीएवढा होता. माळ, मागे दोन सुळक्यांमधली खाच, आणि खाचेकडे चढत गेलेली राशींची ओळ.

“या राशी पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी रचल्या,” मुलगी म्हणाली. “गेल्या उन्हाळ्यात आपण त्या काढून टाकल्या, गवत परत यावं म्हणून.”

अक्काने शेजारणीचा हात सोडला. फोटोजवळ गेली, इतकी की मुलीला तिला जरा मागे या म्हणावं लागलं.

“गेल्या उन्हाळ्यात?”

“हो, आजी.”

“म्हणजे मी विसरले नव्हते,” अक्का म्हणाली. सगळा हिवाळा तिच्या खांद्यांवरून उतरला, ते राशीवाल्याने पाहिलं. त्याला वाटलं, आता सांगावं, आता ती रागावेल, ओरडेल, सगळं पहिल्यासारखं होईल.

मग तिने ओळीच्या टोकाला बोट ठेवलं. तिथे एक रास होती, बाकीच्यांपेक्षा बुटकी.

“ही वाटेची नव्हती रे,” ती त्याच्याकडे वळून म्हणाली. “आम्ही उतरत होतो. इथे आल्यावर ते पाठीवर गार पडलं. बरोबर आलेले ट्रकवाले मागे फिरू देईनात. तुझ्या दाजींनी हातांनी खणलं आणि वर बाबांसारखे दगड रचले, म्हणजे रास समजून कुणी हात लावणार नाही.”

दालनात माणसं इकडून तिकडे जात होती. त्याला ती बुटकी रास आठवली. हिला भर कमी पडलीय, कुणी नवशिक्याने रचलीय, असं मनात म्हणत त्याने ती एका हाताने उतरवली होती.

“कुणी काढल्या?” अक्काने विचारलं.

त्याने हात मागे घेतले. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिला वर घेऊन गेला. नोकरी जायची तर जाऊ दे, असं आता त्याला म्हणता आलं. सुळक्यांमधली खाच बरोबर फोटोसारखी दिसेल अशी जागा तो शोधत राहिला. चार पावलं इकडे, चार तिकडे, गुडघ्यांवर बसून गवत चाचपून. पण काम चोख झालं होतं. गवत एकसारखं धरलं होतं, कुठे ठिगळ दिसत नव्हतं. तो रडायला लागला, आणि रडता रडताही हात फिरवत राहिला.

“पुरे,” अक्का म्हणाली. “असेल इथेच कुठेतरी.” ती खाली बसली आणि तळहात जमिनीवर टेकला.

तो उतारावर गेला, एक रुंद दगड उचलून आणला. तळाला लागतो तसा. तिच्या शेजारी तो ठेवायला वाकला.

“ठेवू नकोस,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “पुन्हा कुणी काढ म्हणालं, तर तू काढशील.”

दगड हातात घेऊन तो उभा राहिला. ती गवताशी हळूहळू काहीतरी बोलायला लागली, तेव्हा तो ऐकू येणार नाही इतका लांब जाऊन थांबला.