पायाशी कोण होतं

भागीरथीबाई हिवाळे मुलाच्या उशाशी उभ्या होत्या, म्हणून त्यांनी काही पाहिलं नाही.

गेलेल्या माणसाच्या पाया धाकट्यांनी पडायचं असतं. आई पोराच्या पाया पडत नाही. पोरगं गेलं तरी ते पोरगंच. मुकेशला घरी आणलं तेव्हा भागीरथीबाई सवयीनं डोक्याकडे गेल्या. केसांवरून हात फिरवला. कपाळ थंड लागलं. पांढऱ्या साडीचा पदर कुणीतरी त्यांच्या डोक्यावर ओढून दिला. बाहेर पोलिसांची गाडी उभी होती आणि एक साहेब सारखं घड्याळ दाखवत होता, त्यामुळे त्रिसरण-पंचशील झालं तेही घाईनंच. चाळीतल्या बायांनी आपापली मुलं आत कोंडून ठेवली होती. मुकेशहून धाकटं असं बाहेर एकच माणूस होतं, त्याची बहीण वैष्णवी. ती पायाशी वाकली. तेवढ्यात उचला उचला सुरू झालं.

मुकेश सत्तावीस वर्षांचा होता. उल्हासनगरात कॅम्प पाचच्या कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे टेम्पोत भरायचे आणि भिवंडीच्या गोदामात उतरवायचे, हा त्याचा धंदा. टेम्पो सेठचा, मुकेश नुसता ड्रायव्हर. एका फेरीतले काही गठ्ठे कमी भरले. सेठनं पोलिसांत नाव दिलं, त्यांनी मुकेशला उचललं. चौकशी चालू असताना छातीत दुखतंय म्हणाला, इस्पितळात नेला, पोचण्याआधीच मेला होता, असं कागदावर आहे. गठ्ठे पुढे शेजारच्याच गोदामात सापडले. चुकून तिथं उतरवले होते.

भागीरथीबाई मूळच्या बुलढाण्याकडच्या, मेहकरच्या. लग्न होऊन मोरिवलीला आल्या तेव्हा कंपन्यांच्या वासानं त्यांना पहिले काही महिने अन्न जायचं नाही. नंतर त्याच कंपन्यांपैकी एकीत पॅकिंगला लागल्या. नवरा बबन फुप्फुसाच्या दुखण्यानं गेला. मुकेश दहावीनंतर टेम्पोवर बसला आणि वैष्णवी शिकली, असं ते घर चाललं होतं. मुकेश गेल्यावरही भागीरथीबाई पुढच्याच महिन्यात कामावर गेल्या. लाइनवर डबे येत, त्या झाकणं लावत. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, अजून थोडे दिवस थांबायचं होतं." त्या म्हणाल्या, "घरी थांबून काय करू?" हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

कोठडीत माणूस मेला की न्यायदंडाधिकारी चौकशी करतात. भागीरथीबाईंना कोर्टात बोलावलं होतं. खोलीत पंखा होता, पाण्याचा ग्लास पुढे केला होता, विचारणारा माणूस चांगलं बोलत होता.

"मुलाच्या अंगावर काही खुणा, जखमा पाहिल्यात?"

"नाही पाहिल्या."

खरं तेच सांगितलं. टायपिस्टनं ते जसंच्या तसं घेतलं. नंतर अहवालात आलं की मयताच्या आईनं अंगावर जखमा पाहिल्या नाहीत. कोठडीत कुणी मारलं नाही, ह्या निष्कर्षाला जे आधार दिले होते त्यात हा एक होता.

कोर्टातला जबाब झाल्यावर घरी पुण्यानुमोदन, म्हणजे मुकेशच्या स्मरणाचा विधी, झालं. त्या दिवशी पाहुणे जेवून गेले. मायलेकी मोरीवर भांडी घासत होत्या.

"आई, दादाचे तळवे बघितलेस तू?" वैष्णवीनं विचारलं.

"मी कशाला बघू?"

"काळेनिळे होते. सुजलेले. मी डोकं टेकलं तेव्हा दिसले."

"मग बोलली नाहीस ती?"

"मला कुणी विचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. समन्स आईच्या नावानं आलं होतं. भागीरथीबाईंनी हातातलं पातेलं धुऊन पालथं घातलं आणि दुसरं घेतलं. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, ते आलं नाही. तळवे, तळवे, एवढा एकच शब्द डोक्यात बसून राहिला, आणि काही वेळानं तोही शब्द वाटेना.

त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. त्याला कारण होतं. वैष्णवी पोलीस भरतीत निवडली गेली होती. मैदानी झाली, लेखी झाली, यादीत नाव आलं. हे सगळं मुकेश जिवंत असताना. त्यानं यादीचा फोटो टेम्पोच्या काचेवर चिकटवला होता. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती, आणि ती करणार पोलीसच. मुकेशला उचललं ते स्टेशन वेगळं, मोरिवलीची हद्द वेगळी. पण खातं एकच. बीटवरच्या एका हवालदारानं वाटेत भेटून सांगितलंही होतं, "ताई, झालं ते वाईटच झालं. पण पोरगी आमच्यातलीच होणार आहे ना? घरात एक तरी वर्दी असलेली बरी असते." तो प्रेमानं बोलला की धमकीनं, हे भागीरथीबाईंना सांगता येत नाही.

दिल्लीच्या मानवी हक्क आयोगाला ही बातमी पोलिसांनीच दिली होती. कोठडीतला मृत्यू त्यांना कळवावाच लागतो. शिवाय उन्मेष नावाच्या तरुण वकिलानं आपणहून तक्रारही टाकली होती. आयोगानं कागद मागवले, शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागवलं. बरेच महिने काही झालं नाही. मग उन्मेष एक दिवस घरी आला, चपला न काढताच दारात उभा राहून म्हणाला, "काकू, आयोगाच्या डॉक्टरांनी व्हिडिओ बघितला. मुकेश सगळा वेळ पाठीवर आहे. पायाचे तळवे कॅमेऱ्यात आलेलेच नाहीत आणि रिपोर्टातही त्यावर एक ओळ नाही. आयोगानं त्यावर बोट ठेवलंय. तपास पथक येतंय, तुमच्या घरी. तळवे कुणी बघितले असतील तर सांगून ठेवा."

"कोण बघणार?" भागीरथीबाई म्हणाल्या.

वैष्णवी आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही.

पथक आलं तेव्हा चाळभर कळलंच. शेजारच्या कौसाबाई पाण्याची कळशी कमरेवर घेऊन दारात थांबल्या. "अगं बाई, दिल्लीचे म्हणून चादर नवी काढलीस काय? आमच्याकडच्या बारशाला मागितली तेव्हासुद्धा काढली नव्हतीस." भागीरथीबाईंनी चादरीकडे पाहिलं. ती वैष्णवीनं घातली होती. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

दोघंजण होते. एक हिंदी बोलणारे वयस्क साहेब आणि एक मॅडम, तेजस्वी नावाच्या, वर्ध्याच्या. उन्मेषला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. मॅडमनी खुर्ची बाजूला सारली आणि त्या जमिनीवरच बसल्या.

"आई, घाबरू नका हं. जेवढं आठवते तेवढंच सांगा."

भागीरथीबाईंनी सांगितलं. गाडी कधी आली, किती माणसं होती, कोण घाई करत होतं, त्या स्वतः कुठं उभ्या होत्या. साहेब लिहून घेत होते. मग मॅडमनी विचारलं, "तुम्ही डोक्याकडे होत्या. पायाशी कोण होतं?"

चाळीतल्या कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"मीच," भागीरथीबाई म्हणाल्या.

"तुम्ही?"

"आधी डोक्याशी होते. मग पायाशी गेले."

"पोराच्या पाया पडल्या तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"पडले. माझं पोर होतं, माझी मर्जी."

साहेबांनी हिंदीत विचारलं, "क्या बोल रही हैं?" मॅडमनी सांगितलं. साहेबांनी जुना जबाब उलगडला, त्यातल्या एका ओळीवर पेन टेकवून मॅडमला दाखवला.

"कोर्टात तर नाही म्हणाल्या तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"तेव्हा मला कळत नव्हतं काही."

"काय बघितलं मग?"

"तळवे. काळेनिळे. सुजलेले."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"टाचा कशा होत्या? बोटं? पायांना काही बांधलं होतं का?"

भागीरथीबाईंना ह्यातलं काही माहीत नव्हतं. वैष्णवीनं मोरीवर जेवढं सांगितलं तेवढंच त्यांच्याजवळ होतं, आणि ते संपलं होतं. मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "आई, बघा, तुमचे दोन जबाब दोन तऱ्हेचे झाले तर उद्या समोरचे म्हणतील, ही बाई बनवून सांगते. मग जे खरं आहे तेही जाईल. पायाशी दुसरं कोणी असेल तर त्याचं नाव सांगा."

"कुणी नव्हतं."

आतल्या खोलीचा पडदा सरला.

"मी होते," वैष्णवी म्हणाली. "ती खोटं बोलतेय."

"तू आत जा."

"आई, पुरे."

"आत जा म्हणते ना! हिचं काही घेऊ नका, साहेब. ही भरतीत लागलीय. पोलिसात." शेवटचा शब्द त्यांनी असा उच्चारला की साहेबांना भाषांतर लागलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. मॅडमनी वैष्णवीला सांगितलं की ह्या जबाबानं नोकरीचं काही बिघडणार नाही असं वचन त्या देऊ शकत नाहीत. काही झालं तर आयोगाला कळवता येईल, एवढंच. वैष्णवी म्हणाली, "मला माहीत आहे. भरतीचे नियम वाचलेत मी." आणि आईच्या शेजारी बसली.

तिनं सगळं सांगितलं. टाचा दगडासारख्या कडक झाल्या होत्या. मध्ये पट्टे उठले होते, एकावर एक, मोजता येत नव्हते. अंगठे पांढऱ्या चिंधीनं एकत्र बांधलेले होते आणि एका अंगठ्याचं नख नव्हतं. तिनं कपाळ टेकलं तेव्हा कातडी सुटल्यासारखी हलली, म्हणून तिनं डोकं पटकन उचललं. "मला वाटलं त्याला दुखेल," ती म्हणाली, आणि पुढचा प्रश्न काय म्हणून मॅडमकडे पाहिलं.

नखाचं भागीरथीबाईंना माहीत नव्हतं. त्या उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या. दूध उतू जाईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. चहा कुणी प्यायला की नाही तेही आठवत नाही. सही घेताना साहेबांनी वैष्णवीला व्यवसाय विचारला, ती अडखळली, हे मात्र आठवतं.

पुढचं थोडक्यात असं. आयोगानं राज्याला नोटीस काढली, वारसाला भरपाई का देऊ नये असं विचारलं आणि तळव्यांबद्दल डॉक्टरांचा खुलासा मागितला. राज्यानं मुदत मागितली. मग पुन्हा मागितली. यादीतल्या बाकीच्या मुली ट्रेनिंगला गेल्या. वैष्णवी बदलापूरला एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर उभी राहू लागली. तिची पडताळणी तेवढी झाली नव्हती.

एका रविवारी तोच बीटवरचा हवालदार फॉर्म घेऊन आला. वैष्णवी घरीच होती. त्यानं खुर्ची घेतली, पाणी मागितलं, एकेक रकाना वाचत भागीरथीबाईंकडून भरून घेऊ लागला. राहणार कधीपासून. नातेवाईक कोण. घरातल्या कुणावर गुन्हा.

"मुलावर होता. तो वारला."

"म्हणजे आता कुणावर नाही." त्यानं 'निरंक' लिहिलं. मग पेन टोपणात घातलं आणि आवाज खाली आणला. "ताई, ते दिल्लीवाले आले होते म्हणे. जबाब तुम्हीच दिलात ना? की आणखी कुणी? फॉर्मात नाहीये हे. मी आपलं सहज विचारतोय."

वैष्णवी दारातून आईकडे पाहत होती. भागीरथीबाई म्हणतात, त्या वेळी त्यांना काही वाटलं नाही. भीती नाही, राग नाही. प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर त्यांना माहीत होतं.

"हिनं दिला," त्या म्हणाल्या. "मी उशाशी होते. पायाशी ही होती. तळवे हिनं बघितले."

हवालदार फॉर्मची घडी घालून उठला. "बघतो," म्हणाला.

"बघा," भागीरथीबाई म्हणाल्या.