दादाला दिलेल्या गोळ्या

दादाचं लिव्हर दारूनं खराब झालं, हे नेरपासून बाभुळगावपर्यंत सगळ्या नातेवाइकांना ठाऊक. दोन वर्षांपासून त्यानं थेंबालाही हात लावला नव्हता, हे मात्र त्याच्याच तोंडून ऐकायचं. मी त्याची धाकटी बहीण, पण माझा विश्वास नव्हता. आणि माझी जीभ अशी, की मनात आलं ते बाहेर पडलंच.

यंदा तूर कापणीच्या दिवसांत त्याचे पाय सुजले, पोट पुन्हा पाण्यानं भरलं, लघवी जवळपास बंद झाली. यवतमाळला दवाखान्यात भरती केलं, तर किडनीही बिघडलेली निघाली. झालं! माझं डोकंच फिरलं. वॉर्डात सगळ्यांसमोर मी त्याचं तोंड हुंगलं, पिशवी उलटी केली. "काहून खोटं बोलून राह्यला? पेलाच असशील तू!" तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. वहिनी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन यायची होती, तिला मी त्याच रात्री फोन केला, तुझा नवरा पुन्हा प्यायला लागला म्हणून. ती म्हणाली, मग मी येत नाही. दादानं सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. मी लगेच कागाळी केली. त्या मात्र दादालाच एकेक विचारत राहिल्या: जुलाब झाले का, ताप आला का, शौचाला काळं होतं का, लघवीच्या गोळ्या जास्त झाल्या का. पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन निघालं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिव्हर कडक झालं की किडनीला रक्त कमीच मिळतं. ती कशीबशी तग धरून असते. मग थोड्याशानंही बिघडते, त्याला दारूच लागते असं नाही." आणि दादाला विचारलं, "दुखण्याची गोळी घेतली होती?"

दादानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्याचा गुडघा धरला म्हणून माझ्या कंबरेच्या गोळ्या मीच त्याला दिल्या होत्या, मोठ्या मायेनं. "दोन टाइम घेत जाय, मले तं लय फरक पडला," असं शहाणपणही वर शिकवलं होतं. आणि हा बाबा माझं नावसुद्धा घेईना.

"मी दिल्या मॅडम," मीच बोलले. "दहा दिवस झाले, घेऊन राह्यला."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या गोळीनंच किडनीचं रक्त आणखी कमी झालं असणार, ती कायमची बंद, म्हणाल्या. सलाइन लावलं. किडनी सावरते की नाही, ते दोन-तीन दिवसांत कळणार होतं.

त्या गेल्यावर मी दादाचे पाय धरून रडले. "मी तुले मारलंच असतं रे दादा."

"ते जाऊ दे," तो म्हणाला. "तुह्या वहिनीले फोन लाव. किडनीचं मागून सांगजो. पहिले हे सांग, मी पेलो नाही म्हणून."