बायकांच्या रकान्यातलं शून्य

श्रीनाथला जळायला फारसं सरपण लागत नसे. डार्मश्टाटच्या मराठी मंडळासाठी वर्षानुवर्षं झटलेला माणूस. हॉलचं बुकिंग असो की ढोलताशाची परवानगी, जर्मनमध्ये भांडायला तोच पुढे. अध्यक्षपद आता आपल्याकडे चालत येणार, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं. तेवढ्यात इंगोलश्टाटची नोकरी सोडून शार्दूल इथे राहायला आला आणि पहिल्याच वर्षी अध्यक्षपदाला उभाही राहिला.

शार्दूलचं काय एवढं? कार्यक्रम संपला की खुर्च्या रचायचा, मोठी पातेली घासायचा, आणि एखादी बाई बोलत असली की मध्येच तोंड घालायचा नाही. श्रीनाथच्या मते ही सगळी नाटकं होती. त्यात गणपतीला श्रीनाथच्याच बायकोनं, वसुधानं, शार्दूलला न मागता दुसरा मोदक वाढला आणि नवऱ्याला मात्र "पुरे आता, शुगर बघ" म्हणून हात आखडला. न खाल्लेला तो मोदक श्रीनाथच्या घशात अजून अडकून होता.

श्रीनाथ एका सॉफ्टवेअर कंपनीत आकड्यांचंच काम करायचा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की तिथल्या मतचाचण्या महिनोन्महिने चघळत बसायचा. पुरुषांचा कल इकडे, बायकांचा तिकडे, ही दरी तर त्याच्या फार आवडीची. मग आपल्या मंडळाची चाचणी का घेऊ नये? त्यानं फोनवर भरायची निनावी चाचणी तयार केली. वर श्री, सौ, कु. यांतलं एक निवडायचं आणि खाली उमेदवार.

निकाल त्यानं रविवारी सकाळी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच उघडला. पुरुषांत तो चांगला पुढे होता. बायकांत मात्र, सौ आणि कु. दोन्ही धरून, त्याला भोपळा. झाडून सगळ्या शार्दूलच्या. वसुधा समोरच पोहे परतत होती.

"तू चाचणी भरलीस ना?"

"भरली की. ट्रामची वाट बघताना, हाल्टेश्टेलवर. का रे?"

"काही नाही. तो मोदक आठवला."

"कुठला मोदक?"

"शार्दूलचा! सरळ सांग ना, तो आवडतो तुला. खुर्च्या काय उचलतो, भांडी काय घासतो!"

टेबलाशी बसलेल्या अन्वीनं दुधातून तोंड वर काढलं. "पापा इस्ट आयफरझ्युष्टिश." पापा जळतोय, हे श्रीनाथला लगेच कळलं. पोटच्या पोरीनं म्हटल्यावर त्याचे कान तापले.

वसुधानं शेगडी बंद केली. "अरे, मी तुलाच मत दिलं. दोन्हीकडे."

"दोन्हीकडे म्हणजे?"

"वर श्री होतं, ते दाबलं. खाली श्रीनाथ, तेही दाबलं. म्हटलं, दोनदोनदा विचारतोय, हौस आहे माणसाला."

लग्नापासून ती त्याला श्रीच म्हणायची. जगातल्या सगळ्याच बाप्यांच्या नावाआधी श्री लागतं, हे ट्रामच्या घाईत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. श्रीनाथला मत देणारी एकुलती एक बाई पुरुषांत मोजली गेली होती.

श्रीनाथ सुटल्यासारखा मोठ्यानं हसला आणि बायकांच्या रकान्यातलं आपलं शून्य त्यानं तिला दाखवलं. वसुधा हसली नाही.

"म्हणजे बाकीच्या सगळ्या जणी त्याच्या बाजूच्या?"

"गेनाऊ! अगदी बरोबर. तू सोडून."

"मी विचारच केला नव्हता रे. नवरा उभा आहे, दाबलं बटण. त्यांनी केलेला दिसतोय."

"आता तू कशाला विचार करतेस?"

"दिवाळीला ऐंशी माणसांचा फराळ जाहीर कुणी केला? तू. रांधला कुणी? आम्ही. आणि आता माझ्यावरच संशय?"

श्रीनाथनं पोह्यांची बशी पुढे ओढली. त्या दिवशी त्याला कुणी पोहे कसे झालेत ते विचारलं नाही.

मंडळाच्या सभेत हात वर करून मतदान झालं. शार्दूलचं नाव पुकारलं तसे बायकांचे हात वर गेले. वसुधाचाही गेला. तिनं इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. इतके दिवस श्रीनाथ नुसत्या संशयावर जळत होता. आता जळायला खरं कारण मिळालं होतं, आणि ते त्यानं स्वतःच बायकोच्या हातात नेऊन दिलं होतं.