गुळव्याचं पथ्य

सहादेव खेतमाळीसांच्या, म्हणजे बापूंच्या, उजव्या हाताची दोन बोटं माणसाची वाटत नाहीत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं. कातडं जाड, पिवळट, बैलाच्या खुरासारखं टणक. चाळीस वर्षं ही बोटं काहिलीतल्या उकळत्या पाकाला लागली आहेत. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची ती भली मोठी पसरट कढई, आणि तिच्यापुढं उभं राहून गूळ कधी उतरवायचा ते सांगतो तो गुळव्या. श्रीगोंद्याच्या बाजूला आता साखर कारखान्याच्या चिमण्याच दिसतात, गुऱ्हाळं थोडकी उरली. पण काष्टीच्या बाजारात ढेप नाकाशी नेऊन वास घेणारी माणसं अजून विचारतात, बापूच्या हातचा आहे का?

बापूंची रीत साधी. पाकाचा थेंब बोटावर घ्यायचा, थंड पाण्याच्या तांब्यात सोडायचा, त्याची गोळी करायची आणि तांब्याच्या काठावर आपटायची. आवाज ऐकायचा. मग गोळी जिभेवर. पण या सगळ्याच्या आधी डोळा. फेसाचा रंग फिरतो तो एका श्वासापुरता. तेवढ्यात ओळखलं तर गूळ, नाहीतर करपा.

गेल्या हंगामात तो रंग बापूंना दिसला नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन काहिली करपल्या. बापू म्हणाले जाळ जास्त झाला. गुऱ्हाळ गोरक्षचं, त्यानं तेव्हा ते मानून घेतलं. हंगाम संपल्यावर मात्र घरी येऊन सांगून गेला की, बापू, डोळे करून घ्या, दिवाळीला काहिलीपुढं तुम्हीच उभे राहा. नाहीतर मला कराडकडचा माणूस आणावा लागेल. गोरक्ष वाईट नाही, त्याला गुऱ्हाळ चालवायचंय. पण त्या दिवसापासून बापू घरात बोलेनासे झाले, असं त्यांची सून सविता सांगते.

तिनंच त्यांना माझ्याकडं आणलं. मी सातवी शिकलेली. कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो हे मला कुणी शिकवलं नाही. रांगेत उभी राहिले, भांडले आणि शिकले. दर शनिवारी काष्टीच्या बाजारात टेबल टाकून बसते. रेशन, पेन्शन, दवाखाना, जे येईल ते. लोक तोंडावर लिडियाताई म्हणतात. मागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

बापूंना घेऊन मी नगरला गेले. रक्त तपासलं तर साखर तीनशे चाळीस. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, दोनशेच्या खाली आणा, त्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही. दिवसाला दोन गोळ्या लिहून दिल्या आणि पथ्याचा कागद दिला. थोडं थोडं चार वेळा खायचं, गोड बंद. बापूंनी सगळं शांतपणे ऐकलं, मान हलवली, बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली, गुळाचा खडा मोडला आणि नर्सपुढं धरला.

"घ्या बाई. दमला असाल."

तो त्यांचा रिवाज. गुऱ्हाळावर आलेला माणूस, ओळखीचा असो की रस्त्यानं जाणारा, कोरड्या तोंडानं परत जात नाही. बापूंनी ही रीत खिशात घालून गावभर फिरवली. दुसऱ्याला खडा दिला की एक आपल्या तोंडात. दिवसातून किती माणसं भेटत असतील, तुम्हीच बघा.

माझं डोकं फिरलं. रांगेतली वीसेक माणसं बघत होती, तरी मी पुडी हिसकावून घेतली आणि विचारलं, "बापू, डोळे पाहिजेत का गूळ?" मी म्हटलं, असं चालायचं नाही, आण घ्या. त्यांनी छातीवर हात ठेवला.

"काहिलीची आण. तुमी सोडवत न्हाई तवर जिभेला गोड लावनार न्हाई."

मला फार बरं वाटलं. साहेबाकडून सही घेऊन बाहेर पडावं तसं. पुडी मी माझ्याच पिशवीत टाकली.

आता बापूंनी काय केलं ते ऐका. हे गुळव्यालाच सुचू शकतं. रस उकळायला लागला की त्यात रानभेंडीचं पाणी सोडतात. खोडं ठेचून पाण्यात चोळायची, बुळबुळीत पाणी होतं. ते पडलं की रसातली सगळी घाण फेस होऊन वर येते. तिला मळी म्हणतात. झाऱ्यानं काढून टाकायची, खाली नितळ रस. बापूंनी हिशेब मांडला: रसातली घाण निघते, तर रक्तातली साखर का निघू नये? रोज सकाळी अनशापोटी तांब्याभर भेंडीचं पाणी. आणि दिवाळी जवळ आली म्हणून कागदावर चार वेळा लिहिलेलं खाणं एकदाच, दुपारी, चतकोर भाकरी. गोळ्या मात्र दोन्ही, वेळच्या वेळी, घड्याळ विचारून. सविताला सांगितलं, ताईंनीच असं सांगितलंय. माझं नाव घेतल्यावर तिनं कागद उघडून पाहिलाच नाही. लोक मला घाबरतात याचा मला अभिमान होता.

तिसऱ्या दिवशी थरथर सुरू झाली. सकाळी अकराच्या सुमाराला हात कापायला लागायचे, अंगाला गार घाम, पायात जीव नाही. बंडीची बटणं लागेनात. बिनसाखरेचा चहा कपातून बशीत आणि बशीतून धोतरावर. बापूंनी सुनेची समजूत काढली की तलफ आहे, बिडी सोडली तेव्हाही असंच झालं होतं. तिचं काही समाधान झालं नाही, दुसऱ्या दिवशी तिनं मला फोन केला. मी तहसील कचेरीच्या पायरीवर एका कारकुनाशी भांडत होते. म्हटलं, पहिले आठ दिवस असंच होतं, अंगातली सवय भांडत असते, सोसू दे त्यांना. काय खातात, कधी खातात, एक शब्द विचारला नाही. फोन बंद केला आणि पुन्हा कारकुनावर गेले.

त्या आठ दिवसांत बापू ओट्यावर बसून असायचे, तोंड गुऱ्हाळाकडं करून. दिसत तर काही नव्हतं. मी नंतर विचारलं, इतकं गोड खावंसं वाटत होतं का? ते म्हणाले, खायचं नव्हे ताई. म्हणाले, पहाटे काहिलीखालचं चुलवाण पेटतं, उसाच्या ओल्या चिपाडाचा धूर नाकाला झोंबतो, मग रसाचा हिरवा वास येतो, कच्च्या कणसासारखा. तो हळूहळू मरतो. आणि एक वेळ अशी येते की दोन्ही वास नसतात. हिरवा गेलेला, गुळाचा यायचाय. गुऱ्हाळावरची सगळी माणसं त्या वेळी गप्प होतात. कुणी सांगत नाही गप्प बसा म्हणून. सगळे आपल्याकडं बघत असतात. "तेवढंच पायजे हुतं," बापू म्हणाले. "लई न्हाई."

नववा दिवस शनिवार. गोरक्षनं हंगामाच्या आधी चुलवाण कसं ओढतंय ते बघायला पहिली काहील चढवली. बापूंच्या डोळ्यांचा भरवसा नव्हता, म्हणून कराडकडचा गुळव्या आला होता. दहा वाजता वास गावात पोचला. बापूंनी सकाळची गोळी घेतली होती, भेंडीचं पाणी प्यायले होते, पोटात बाकी काही नाही. काठी घेतली आणि कुणाला न सांगता निघाले. वाट त्यांच्या पायांना पाठ होती.

सविता बाजारात माझ्या टेबलाशी धापा टाकत आली, बापू गुऱ्हाळावर पडलेत म्हणाली. मी समोरच्या म्हातारीचा अर्ज तसाच टाकला, तिला स्कूटरवर मागं घेतलं आणि निघाले.

बापू चिपाडाच्या ढिगावर पडल्यासारखे बसले होते. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, हातपाय थडथडत होते, डोळे कुठंतरी भलतीकडं. गोरक्ष त्यांच्यापुढं उकिडवा बसून ताज्या गुळाचा गोळा त्यांच्या तोंडाशी धरत होता. त्याच्या वडिलांना साखरेचा त्रास होता, अशा वेळी काय करायचं ते त्याला माहीत होतं. पण बापूंचे दात मिटलेले. मान हलत होती, नाही, नाही.

"ताईला जबान दिली," एवढंच पुटपुटत होते.

गोरक्षनं माझ्याकडं पाहिलं. त्यानं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी खाली बसले. बापूंच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "बापू, मी लिडिया. आण सोडवली. माझं चुकलं. तोंड उघडा." आधी त्यांना कळलं नाही. मी तीनदा तेच म्हणाले. लोकांसमोर माझं चुकलं असं मी आयुष्यात किती वेळा म्हणाले असेन, बोटं लागणार नाहीत मोजायला. तिसऱ्यांदा दात उघडले. मी कोमट गूळ चिमटीनं त्यांच्या जिभेवर ठेवला.

ते चघळत राहिले. सविता पदरानं घाम पुसत होती. पुन्हा एक खडा दिला. कराडचा माणूस झारा हातात धरून लांब उभा. दहा मिनिटं गेली असतील, थरथर उतरत गेली, हात मांडीवर स्थिर झाले. मग बापूंनी जीभ टाळ्याला लावली, थांबले, आणि अगदी हळू, कुणाला वाईट वाटू नये अशा बेतानं बोलले.

"कच्चा हाय. अजून दोन कढ पायजे हुते."

गोरक्षनं खडा तोंडात टाकला, दातांनी दाबून पाहिला. दाताला चिकटला. कराडचा माणूस म्हणाला, मला नवी काहील आहे, नवं चुलवाण आहे, अंदाज यायचाय. खरं होतं तेही. त्यानं तांब्या उचलला आणि बापूंच्या शेजारी ठेवून गेला.

त्याच दुपारी सविताला आणि बापूंना घेऊन मी डॉक्टरांकडं गेले. बोलणी मी खाल्ली, बापूंनी नाही. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी साखरेची गोळी घेतल्यावर माणूस थरथरणार नाही तर काय नाचेल? एक गोळी कमी केली, चार वेळचं खाणं सविताकडून म्हणवून घेतलं, आणि अशी थरथर पुन्हा आलीच तर गुळाचा एक खडा खायचा आणि लगेच कळवायचं, असं बजावलं. परत येताना एसटीत बापू खिडकीबाहेर, म्हणजे उजेडाकडं, बघत बसले. मग म्हणाले, जाळ वाढवला की रस लवकर आटत नाही, करपतो. एवढी माणसं शिकवली मी हे सांगून, स्वतःला लावायचं सुचलं नाही.

हळूहळू आटवायचं म्हणजे दिवाळी हातची गेली. हंगाम कराडच्या माणसानं सुरू केला. गोरक्षनं काहिलीपासून चार हातांवर बापूंना खाट टाकून दिली. तो माणूस दर काहिलीला थेंब घेऊन येतो, बापू तांब्यात गोळी करतात, काठावर आपटतात, कान लावतात. जिभेला लावत नाहीत. बोटानंच सांगतात, थांब, किंवा उतरव.

परवा मी निरोप घेऊन गेले. साखर एकशे सत्तरवर आली आहे, मंगळवारी पहिला डोळा. बापूंनी ऐकलं, हूं म्हणाले. काहिलीवर फेस चढत होता, माणसं गप्प झाली होती. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ताई, रंग कसा हाय आता?"

म्हटलं, पिवळा.

"पिवळा म्हंजी कसा?"

मी बघत राहिले. मोठमोठ्या साहेबांना शब्दांत पकडणारी मी, पण फेस फुगत होता, फुटत होता, आणि दर फुटण्याला वेगळा दिसत होता. म्हटलं, हळदीसारखा. मग म्हटलं, नाही, मधासारखा. तोवर काहील उतरली होती.

बापूंनी मनगट सोडलं. गोरक्षनं आणलेला गरम खडा हातात घेतला, त्या दोन जाड बोटांत फिरवला, नाकाशी नेला, बराच वेळ तिथंच धरला. मग माझ्या पुढं केला.

"खावा. दमला असाल."